कॅबिनेटातल्या अक्षता

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा आतून तांदूळ निघाले. कुंकवानं लाल झालेले, बुरशी धरलेले, एकमेकांना चिकटून गोळे झालेले. त्यांच्याखाली झेंडूच्या काळ्या पडलेल्या पाकळ्या, पाकळ्यांखाली मुंग्यांनी आणून टाकलेली माती, आणि पंख्याच्या पात्यात अडकून वाळलेली एक पाल. आमचं दुकान खताचं. खताची भुकटी घरातल्या मिठाच्या बरणीपर्यंत पोचते, त्या वासाची सवय आहे मला. पण हा वास वेगळा होता. खत, समईचं तेल आणि मेलेलं जनावर, तिन्ही एकत्र. सांडशीनं ती पाल ओढून काढली, परसात नेऊन पुरली, साबणानं तीनदा हात धुतले आणि तरीही त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

हल्ली लोक मला विचारतात, कोडिंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू? मी सांगते, आधी झाकण उघडा. त्यांना वाटतं मी थट्टा करतेय.

आमचं घर लोहाऱ्यात, दुकानाच्या मागे. पुढं खतं, बियाणं, फवारणीची औषधं, मधे गोदाम, मागे आम्ही. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात, सासूबाईंना अव्वा. दोघं मूळचे सीमेजवळच्या गावचे, त्यामुळे रागात आणि मायेत कन्नड, बाकी सगळं मराठी. माझं बीएस्सी झालेलं, विषय कॉम्प्युटर. लग्न झालं आणि ती डिग्री ट्रंकेत शालूच्या खाली गेली. बारा वर्षं तिथंच होती. शालू तरी मधूनमधून दोन लग्नांना बाहेर आला.

पावसाळ्याच्या तोंडाला मला कळलं की पुण्याची एक कंपनी घरी बसून करायचं काम देते आहे. ऑनलाइन परीक्षा, त्यात थोडं गणित, थोडं कोडिंग. अट एकच अशी की जिनं माझी झोप उडवली: वय पस्तिशीच्या आत हवं. मला दिवाळीनंतर पस्तीस वर्षं पूर्ण होणार होती. परीक्षा नवरात्राच्या सुमारास. म्हणजे माझ्या वाट्याला एकच खेप होती, पुढच्या वर्षी मला फॉर्मसुद्धा भरता येणार नव्हता. आणि परीक्षेला कॉम्प्युटरच पाहिजे, मोबाईल चालणार नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं.

दुकानातल्या कॉम्प्युटरला कुणी हात लावायचा नाही असा अप्पांचा नियम. पण नवा आल्यापासून जुना गोदामात पोत्यांच्या थप्पीवर पडून होता. नवऱ्याला म्हटलं, तो मला द्या. तो म्हणाला, "बघू." माझा नवरा वाईट माणूस नाही. तो सगळ्याला 'बघू' म्हणतो आणि मग मोबाईलकडे बघतो. मी स्वतःच तो उचलून मागच्या खोलीत आणला.

सुरू होईना म्हणून एसटी स्टँडाजवळच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो आला तो तोंडात गुटखा घेऊनच. खुर्चीवर असा बसला की त्याच्या पाठीआड पडदा दिसू नये. मी डावीकडे सरकले की तो डावीकडे झुकायचा.

"वहिनी, तुमी चहाचं बघा. म्या विंडोज मारून देतो."

आमच्याकडे विंडोज मारतात. माशी मारावी तशी. खिडकीतून त्यानं माझ्या तुळशीच्या आळ्यात पिचकारी मारली, ओठ बोटांनी पुसले आणि तीच बोटं परत कीबोर्डवर. चहा घेऊन आले तर पडद्यावर कुठल्याशा लाल गाडीचं चित्र आणि अकरा गेम. मी विचारलं, हे तुम्ही कसं केलं ते मला दाखवता का? तो हसला. तांबडे दात दिसले.

"त्याला डोकं लागतंय, वहिनी."

कीबोर्ड मी स्पिरिटनं पुसला. एकेक बटण. चौथ्या दिवशी पडदा काळा झाला आणि ही विंडोज खरी नाही अशी पाटी आली. परत बोलावलं तर म्हणाला, परत मारावी लागंल. मी म्हटलं, राहू द्या.

मग गेले क्लासला. तालुक्याच्या गावात असतो तसा क्लास: बाहेर चपला काढायच्या, आत कॉम्प्युटरांना प्लास्टिकचे झगे, आणि भिंतीवर लिहिलेलं की परवानगीशिवाय हात लावू नये. सर फळ्यावर प्रोग्राम लिहायचे, आम्ही वहीत उतरवायचा. नाव लाल शाईनं, प्रोग्राम निळ्या, आणि खाली पेन्सिलीनं चौकट आखून त्यात उत्तर काय येईल ते. उत्तरही फळ्यावरूनच. महिनाभर मी वही भरली आणि एकदाही झगा निघाला नाही. माझ्या वहीला पैकीच्या पैकी गुण, शिवाय 'सुवाच्य' असा शेरा.

पुढं घरचा कॉम्प्युटर नीट चालू झाल्यावर त्या वहीतला पहिलाच प्रोग्राम मी जसाच्या तसा टाकला. चालला नाही. दुसरा टाकला, तोही नाही. फळ्यावरच चूक होती, सरांनी ती कुठल्यातरी जुन्या वहीतून उतरवली असणार आणि त्या वहीवाल्यानं आणखी कुठल्या. किती वर्षं किती पोरींनी ती चूक लाल-निळ्या शाईत उतरवून खाली पेन्सिलीनं बरोबर उत्तर लिहिलं असेल देव जाणे. सरांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, परीक्षेत चालवून बघत नाहीत." मला एवढी शिसारी आली की वही तिथंच बाकावर सोडून आले.

पुण्यात माझा एक मावसभाऊ आहे, कोडिंगवरच पोट भरतो. त्यानं सल्ला एका वाक्यात दिला, "लिनक्स टाक, ताई, आणि पायथन शिक." पुढं चाळीस व्हिडिओंच्या लिंका पाठवल्या. त्यातला एकही त्यानं स्वतः पूर्ण पाहिलेला नव्हता, हे नंतर त्याच्याच तोंडून कळलं. तरी वाक्य मात्र खरं होतं, म्हणून त्याला माफ केलं.

सगळ्यांचे सल्ले घेऊन झाल्यावर मी झाकण उघडलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

ते तांदूळ अप्पांचे होते. खंडेनवमीला आमच्याकडे आयुधपूजा असते. काटा, पंप, कोयता, विळे, मोटारसायकल, सगळं धुऊन पुसून मांडतात, विभूती लावतात, हळद-कुंकू, फुलं, अक्षता, वरून फुलानं पाणी शिंपडतात. पूजेत बसलेली वस्तू दुसऱ्या दिवशी सकाळी हलवायची, तोवर तिला काम लावायचं नाही. ही चांगली रीत आहे, मला आवडते. पण कॉम्प्युटरच्या डोक्यावर हवा जायला भोकं असतात, आणि अप्पांनी दरवर्षी भक्तिभावानं अक्षता बरोबर त्या भोकांवर वाहिल्या होत्या. वरून पाणी. यंत्र बिचारं कामानं नव्हतं मेलं, पूजेनं मेलं होतं.

दाताच्या जुन्या ब्रशनं आणि रंगाच्या कुंचल्यानं ते मी दोन दुपारी साफ केलं. पडद्यावरची तारीख दर वेळी मागे जात होती, तेव्हा घड्याळवाल्याकडून चपटा सेल आणून आत बसवला. हे कुणी सांगितलं नव्हतं. सेल दिसला, भिंतीवरच्या घड्याळाचा आठवला, आणि करून बघितलं.

लिनक्स उतरवून घेतलं ते मोबाईलच्या रोजच्या डेटाच्या मापात, तीन दिवस लावून. फाईल पेनड्राइव्हवर टाकली, कॉम्प्युटरला लावली, काही होईना. दोन दिवस डोकं फोडलं तेव्हा कळलं की ती फाईल नुसती ठेवून भागत नाही, पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू होईल अशी एका वेगळ्या प्रोग्रामनं ती त्यावर लिहावी लागते. चाळीस व्हिडिओंत हे कुणी सांगत नव्हतं. सगळे मधूनच सुरुवात करत होते, जणू त्यांच्या आईनं त्यांना लिहिलेल्या पेनड्राइव्हसकट जन्म दिला होता.

अखेर एका दुपारी पडद्यावर प्रश्न आला: पूर्ण डिस्क पुसून टाकायची का? मी हो वर बोट नेलं आणि थांबले. आत होतं काय? लाल गाडी आणि अकरा गेम. तरी तो प्रश्न मी परत वाचला. या घरात आजवर काय ठेवायचं आणि काय काढायचं हे मला कुणी विचारलं नव्हतं, साध्या डाळीच्या डब्याबद्दलसुद्धा. मी हो दाबलं. अर्ध्यात वीज गेली. दुसऱ्या दिवशी परत दाबलं, परत गेली. तिसऱ्या दिवशी पूर्ण झालं.

नंतर रोज दुपारी दोन ते चार. दुकान बंद, सगळे आडवे, मी कॉम्प्युटरपाशी. दुकानातल्या कॅलेंडरवर अप्पा पावसाची नोंद करतात, आज किती मिलिमीटर. तेच आकडे घेऊन मी पहिला स्वतःचा प्रोग्राम लिहिला, कुठल्या आठवड्यात सगळ्यात जास्त पाऊस झाला ते सांगणारा. सात दिवस तो नुसत्या चुका दाखवत राहिला. आठव्या दिवशी त्यानं आठवडा सांगितला, कॅलेंडर बघितलं तर बरोबर होता. मी एकटीच हसले.

अव्वा दारात येऊन उभ्या राहायच्या. "काय करतीस गं त्या डबड्यापाशी? डोळे जातील." मी शिकतेय म्हटलं की त्या "हूं" करायच्या आणि संध्याकाळी त्यावर भरतकामाचा रुमाल टाकायच्या. मी काढायचे, त्या टाकायच्या. आमचं एवढंच बोलणं होतं.

परीक्षेचा दिवस कळवला तो मेसेज मी चारदा वाचला. खंडेनवमी, सकाळी अकरा ते एक. बदल होणार नाही. मी घरात सगळ्यांना सांगितलं. अप्पांना दोनदा, जेवताना. ते "हं" म्हणाले. नवरा म्हणाला, बघू.

नवमीला सकाळी न्हाऊन, केस पुसत मागच्या खोलीत गेले तर टेबल रिकामं. समोरच्या खोलीत रांग मांडलेली होती: काटा, पंप, कोयता, विळे, मोटारसायकलची किल्ली, दुकानातला कॉम्प्युटर आणि शेवटी माझा. पडद्यावर विभूतीचे तीन पट्टे. डोक्यावरच्या भोकांवर मूठभर अक्षता. आणि अप्पा तांब्यात फूल बुडवून पाणी शिंपडत होते. साडेनऊ वाजले होते.

"अप्पा, माझी परीक्षा आहे अकराला. तुम्हाला सांगितलं होतं."

"आज आयुधपूजा हाय. पूजंत बसलेलं उद्या सकाळी हलवायचं."

"उद्या परीक्षा नाही. आजच आहे. आणि परत नाही."

"मग न्हाय तर न्हाय. परीक्षंसाठी देव उठवायचा व्हय?"

नवरा मोबाईलकडे बघत होता. मी क्लासच्या सरांना फोन लावला. "सगळी मशिनं पूजेत आहेत मॅडम, उद्या या ना." दुरुस्तीवाल्याला लावला, त्यालाही लावला मी, त्या तांबड्या दातांच्या माणसाला. "आज हात लावत न्हाई वहिनी, आज नवमी." सगळ्या लोहाऱ्यात त्या दिवशी विभूती न लावलेला एकही कॉम्प्युटर नव्हता. मला त्या धुपाच्या वासाचीसुद्धा किळस आली. त्या ओल्या तांदळांची, फोन खाली न ठेवणाऱ्या नवऱ्याची, बारा वर्षं चहाचं बघत राहिलेल्या माझी स्वतःची.

स्वयंपाकघरात गेले. अव्वा होळग्या लाटत होत्या. आमच्याकडे पुरणपोळीला होळगी म्हणतात. दुपारी अय्या जेवायला येणार होते, म्हणजे आमचे पूजा सांगणारे गुरुजी. ते जेवल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही, आणि ते उपाशी गेले तर अप्पांना वर्षभर चैन पडत नाही. परातीत पुरण, शेगडीवर तवा, आणि अव्वांच्या कपाळावर घाम.

"अव्वा, माझं संपलं," मी म्हटलं. आणि रडले. मला रडायला आवडत नाही.

अव्वांनी सगळं ऐकलं. तवा उतरवला, गॅस बंद केला. हातातलं लाटणं तसंच घेऊन त्या समोरच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग. लाटण्याच्या दोन्ही टोकांना सकाळी त्यांनीच लावलेलं कुंकू होतं.

"ह्ये बगा," त्या अप्पांना म्हणाल्या. "लाटन्याला कुकू लावलंय म्या. पोळपाटाला लावलंय, विळीला लावलंय, गॅसला लावलंय. ही आयुधं न्हाईत व्हय?"

"हायती की," अप्पा म्हणाले.

"मग ह्येबी उद्याच हलवायचं." आणि वाकून त्यांनी लाटणं रांगेत काट्याशेजारी ठेवलं. हात जोडले. "अय्यास्नी सांगा, आमच्यात आयुधपूजा हाय, उद्या या जेवाय."

"त्ये येगळं असतंय."

"काय येगळं?"

 बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला, अप्पा दचकले, पण ते अय्या नव्हते. दहा वाजून गेले होते. अव्वा तिथंच जमिनीवर बसल्या, भिंतीला टेकून. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत अव्वा त्या खोलीत पहिल्यांदा बसल्या असतील.

पूजेतली वस्तू त्या दिवशी पहिल्यांदा हलवली ती अप्पांनी. लाटणं उचललं, अव्वांच्या हातात दिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. "करा काय करायचं त्ये."

मी माझा कॉम्प्युटर उचलला. झाकण काढलं. आत ओल्या अक्षता, पुन्हा. पदरानं पाणी टिपलं, कुंचल्यानं तांदूळ काढले, पडद्यावरची विभूती पुसली. अकराला चार मिनिटं असताना तो सुरू झाला, मी मोबाईलचं नेट जोडलं. दोन तास मी कुणाचं ऐकलं नाही. शेवटच्या प्रश्नात एक प्रोग्राम लिहायचा होता, आकड्यांच्या यादीतून लागोपाठच्या काही आकड्यांची सगळ्यात मोठी बेरीज शोधणारा. माझा पाऊसच होता तो.

मी पास झाले. काम मिळालं, कंपनीनं लॅपटॉप पाठवला, काम अजून करते.

आता अप्पा गिऱ्हाइकांना सांगतात, "आमच्या सूनबाईनं सोता लिनक्स टाकलंय." लिनक्स म्हणजे काय हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं आणि अप्पांनाही. क्लासच्या दारावर माझा फोटो लागलाय, 'आमची यशस्वी विद्यार्थिनी'. तो काढा म्हणून मी दोनदा सांगून आले. दुरुस्तीवाला अडलं की फोन करतो, "वहिनी, जरा बगता का?" या सगळ्यांना मी मनातल्या मनात नावं ठेवते, आणि अव्वांच्या लाटण्याची गोष्ट सगळ्यांना सांगते. ऑनलाइन मीटिंगमध्ये पुण्याच्या पोरींना सांगितली. त्या हसून हसून म्हणाल्या, किती भारी आहेत गं तुझ्या सासूबाई. मलाही फार बरं वाटलं. वर्षभर मी ती गोष्ट मिरवली.

या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अप्पांनी मला विचारलं. खरंच विचारलं, दारात उभं राहून. "तुजा लॅपटॉप पूजंत ठिवायचा का? का काम हाय?" मी कंपनीत रजा टाकली होती. म्हटलं, ठेवू की. सकाळी मी स्वतःच तो रांगेत मांडला, पहिल्या जागेवर, काट्याच्याही आधी. खाली स्वच्छ कापड, वर एकच फूल, अक्षता बाजूला. मग दिवसभर मला काही काम नव्हतं. अय्या जेवून गेले, आणि अप्पांनी मलाही पंगतीत बसायला सांगितलं, त्यांच्या आणि नवऱ्याच्या ओळीत. तेरा वर्षांत पहिल्यांदा मी गरम होळगी बसून खात होते. वरून तूप.

तिसऱ्या होळगीवर कडेला लाल डाग होता. मला वाटलं काय आहे हे, किळस आली, बोट लावून बघितलं. कुंकू. स्वयंपाकघराच्या दारातून अव्वा दिसत होत्या. तवा, घाम, आणि हातात ते लाटणं, सकाळी टोकांना लावलेलं कुंकू घामानं ओघळून पिठात उतरलेलं. सकाळी सहापासून ते थांबलं नव्हतं. गेल्या वर्षीही थांबलं नव्हतं, माझी परीक्षा चालू होती तेव्हाही नाही. थांबलं होतं ते फक्त त्या सकाळी अर्धा तास, तेही माझ्यासाठी.

"अव्वा, तुम्ही बसा. मी लाटते," मी ताटावरूनच म्हटलं. ताटावरूनच.

"सुम्न कूड," त्या म्हणाल्या. म्हणजे गप बस. रागानं नव्हे, अगदी मायेनं. "तुजं यंत्र पूजंत हाय. तुला आज सुट्टी."

मी बसून राहिले. ती होळगी कुंकवासकट खाल्ली आणि त्यांनी वाढली म्हणून चौथीही खाल्ली. पाल निघाली त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. या नवमीला मात्र सगळं गेलं, आणि त्याचीच मला अजून किळस येते.